इवायापेक्षा कमी बीपी

चहा निवेपर्यंत ऐकून घ्या. असा गाढवपणा सौंसर तालुक्यात दुसऱ्या कोणी केला असेल, तर माझी संत्र्याची बाग त्याच्या नावानं करून देतो!

पांढुर्ण्याचे बाबाराव आमचे इवाई, म्हणजे सुनबाईचे वडील. बीपी दोघांनाही. पण त्यांना गोळी एक, मला दोन. ते रोज सकाळी मशीन लावणार, वहीत लिहिणार अन् फॅमिली ग्रुपवर टाकणार: "१२२/८०. सगळं ठीक." त्यावर सुनेचा अंगठा, पोराचा अंगठा, अन् माझ्याच बायकोची फुलं! मला लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसालाही फूल मिळालं नव्हतं.

"पाहा, इवाईबुवा कसे नेमानं राहतात!" वरून बायकोचं हे.

आता तुम्हीच सांगा. मुलाकडचा मी. मांडवात पहिला मान माझा. अन् बीपी मुलीकडच्याचं चांगलं? हे कोणत्या रीतीत बसते?

मी पण मशीन आणली. आकडा आला १४६. ग्रुपवर टाकला ११८. फुलं आली! मग काय, चटकच लागली. इवाई १२० वर, तर मी ११४. ते ११६ वर, तर मी १०८. मशीन गेली कपाटात. आकडे मी दात घासता घासता मनातूनच काढून राहिलो होतो. वहीतही तेच.

महिन्यानं वही डॉक्टरला दाखवली. तिथं बीपी निघालं १५०. डॉक्टर म्हणाले, "काहींचं आम्हाला पाहूनच वाढते. घरचे आकडे तर कमीच आहेत. एक गोळी बंद करून पाहू. पण रोज मोजा."

खरं तिथंच सांगायला पाहिजे होतं. पण एक गोळी! इवायाइतकीच! दवाखान्याच्या पायरीवरूनच मी ग्रुपवर बातमी टाकली.

पंधरा दिवसांत डोकं ठणकायला लागलं, कानात पिठाची गिरणी सुरू. अन् मी काय केलं? त्याच सकाळी ९२/५८ टाकून मोकळा!

दोन तासांत बाबाराव दारात. घामाघूम, बगलेत मशीन.

"इहीनबाई, लिंबू-मिठाचं पाणी आणा! इवाई जाऊन राहिले!"

"अवो, मी ठीक आहो जी..."

"बोलू नका! चक्कर येईल."

मला खाटेवर आडवं पाडलं, पायाखाली दोन उशा. बायको रडून राहिली. तिच्यासमोर काय कबूल करता? दोन गिलास खारं पाणी गुमान प्यालो.

मग इवायानं पट्टा बांधला. १८२/१०६.

"मशीन बिघडली," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःला लावली. १२४/८०. बायकोनं कपाटातून माझी आणली. १८४.

"काहून जी, सकाळी तर ९२ होतं ना?" इवायानं विचारलं.

बायकोचं रडणं टपकन थांबलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता दोनशेच्या वर गेलं असेल.

डॉक्टरसमोर सगळं ओकावं लागलं. त्यांनी बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली अन् वही माझ्या हातात दिली. "ही वही अगदी ठणठणीत आहे. तुम्ही नाही. यापुढे आकडा दुसऱ्या कोणी वाचायचा."

"मी वाचतो ना!" इवाई म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी पांढुर्ण्याहून व्हिडिओ कॉल. "पाठ टेका. पाय जमिनीवर. मशीन इकडे वळवा. बोलू नका!" अन् वरबाप मी, बाही वर करून, मुलीकडच्यासमोर मुक्यानं बसतो.

तरी परवा माझं खरोखरचं ११८ आलं, अन् इवायाचं १२६! जिंकलो की नाही? छाती फुगवून बायकोला सांगायला गेलो. भाजी निवडता निवडता ती म्हणाली,

"हाताला गुण आहे बापा इवाईबुवांच्या!"

गोळ्या मी खाऊन राहिलो, दंड माझा आवळला जाते, अन् गुण त्यांच्या हाताला!