पुलाखालचा आकडा हलेना

"मॅडम, पाणी गेलं कुठं?" शेखमामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

लोहाऱ्याकडच्या एका धरणावर मी सेन्सरची कामं बघते. मामा तिथले गेट ऑपरेटर. त्या दुपारी वरून पाण्याची आवक वाढली, म्हणून आम्ही एक गेट सहा इंच उचललं होतं. खाली दोन किलोमीटरवर पूल आहे. तिथला सेन्सर नदीची पातळी मोजतो आणि मोबाईलच्या सिमवरून आमच्या स्क्रीनवर पाठवतो. सेन्सरच्याच खांबावर भोंगा, तोही इथून बटण दाबलं की सिमवरूनच वाजतो. वीस मिनिटांत आकडा चढायला हवा होता. पाऊण तास झाला, तरी ०.४२ मीटरच.

वाहत्या नदीचा आकडा थोडा तरी हलतो हो. हा मेल्यागत पडून होता. खिडकीतून पाणी सुटताना दिसत होतं, आणि स्क्रीन म्हणत होती, नदीत काहीच आलं नाही. घाबरले, खोटं कशाला बोलू!

"मामा, गेट उचलताना भोंगा दिला होता ना?"

"दिला की. स्क्रीनवर 'पाठवला' म्हणून आलं बी. पर वाजल्याला म्या ऐकला न्हाय."

मीही ऐकला नव्हता. पुन्हा दाबला, दार उघडून कान दिला. काही नाही.

धरणाच्या मुख्य साहेबांचा फोन आला. "चारही गेट उघडा."

"भोंगा वाजत नाही, साहेब. खाली माणसं असली तर?"

"धरण भरत चाललंय, बाई. अर्धा तास देतो. मग उघडणार म्हणजे उघडणार."

मामांना म्हटलं, दर मिनिटाला भोंग्याचं बटण दाबत राहा. आणि जीप पळवली.

पुलाजवळ माझ्या फोनची रेंजच मेली. खाली चारजण गुडघाभर पाण्यात उभं राहून ट्रॅक्टरमध्ये वाळू भरत होते. ट्रॅक्टरवर अँटेनांचा काळा डबा. जॅमर! हा डबा हवेत नुसता कालवा करतो, त्यात कुठलाच सिग्नल पोचत नाही. पुलावरून कुणी तहसीलला फोन करू नये म्हणून यांनी तो लावलेला. त्यात आमचा सेन्सर गेला, भोंगाही गेला. आणि आमची स्क्रीन शहाणी, सिग्नल तुटला की शेवटचा आकडाच दाखवत बसते.

"मुडद्यांनो, वर या! धरण सुटतंय!"

त्यांचा म्होरक्या हसला. "येडं समजता व्हय? धरण सुटलं असतं तर भोंगा वाजला नसता का?"

बोलण्यात अर्थ नव्हता. मी पाण्यात उतरले आणि डब्याची वायर उपटली. म्होरक्या माझ्या अंगावर धावून आला, तेवढ्यात डोक्यावर भोंगा असा किंचाळला की तो जागीच थबकला. चौघं काठाकडं पळाले, मी त्यांच्यामागं. मामांना फोन लावला.

"गेटं उघडली, मॅडम. साहेबांनी लावली उघडायला. तुमी कुठं हाव?"

वाळूनं भरलेला ट्रॅक्टर नदीतच राहिला, आणि पाण्याचा लोंढा आला तसा आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेला.

पुढं मी सॉफ्टवेअर बदलून घेतलं. सिग्नल तुटला की आकडा पुसला जातो, रिकामी चौकट दिसते, आणि माणूस पुलावर जाऊन आल्याशिवाय गेट उघडत नाही. साहेब कुरकुरले, "रिकामी चौकट बघून ऑपरेटर घाबरतील, बाई."

"घाबरू देत की, साहेब," मी म्हटलं.