बिनटोपीचा चित्ता

पहाटे चार वाजता फक्रुद्दीन उठायचा. फौंड्रीची पाळी सातची. सदर बाजारातून शिरोलीपर्यंत सायकलने जायला एवढा वेळ लागत नाही. पण त्याचं घरच चारला उठायचं आणि त्याला कारण होता चित्ता.

घरात चित्ता नव्हता. आजाच्या वेळी होते. फक्रुद्दीनचा आजा संस्थानात चित्तेवान होता. आफ्रिकेतून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने कोल्हापूरला चित्ते यायचे. त्यांना माणसाळवायचं, दोरी धरून बाजारातून फिरवायचं, रात्री त्यांच्या शेजारी खाट टाकून झोपायचं, हे आजाचं काम. पहाटे त्यांना फिरवून आणावं लागे, म्हणून घर चारला उठे. पुढे संस्थान गेलं, चित्ते गेले. उठणं राहिलं. आणि भिंतीवरच्या खिळ्याला चामड्याची एक टोपी राहिली. बैलगाडीतून शिकारीला नेताना ती चित्त्याच्या डोळ्यांवर चढवायची. माळावर काळवीट दिसलं की काढायची. मग तो सुटायचा.

मी आणि फक्रुद्दीन एकाच फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे होतो. ऑइल इंजिनचं मोठं चाक, म्हणजे फ्लायव्हील, आम्ही ओतायचो. त्याच्या साच्याची लोखंडी पेटी एवढी मोठी की वाळू ठोकायला दोन माणसं लागतात. एका बाजूला तो, एका बाजूला मी. वाळू कुठे मऊ राहिली तर तिथे लोखंडाचा रस फुगतो आणि चाक भंगारात जातं. फक्रुद्दीन पेटी भरून झाली की बोटाने दाबत फिरायचा. मऊ लागली की पेटी उलटी करून सगळी वाळू सांडायची. दोघांची सकाळ वाया.

फोरमन ओरडायचा, "अरे मर्दा, वरनं जरा ठोकून घे की! अख्खी कशाला मोडलीस?"

"वरनं लिपायला ही काय चूल हाय?" हा उलटा ओरडायचा. "आत मऊ ती मऊच. मोडायची आन् परत भरायची. तुला घाई असंल तर ये, तू ठोक."

फोरमन येत नसे. राग फक्रुद्दीनच्या नाकावर असायचा, पण तो राग कामचुकारावर असायचा. मला ते पटायचं. अजून पटतं.

सन चौऱ्याण्णवची गोष्ट. गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर केबलचा टीव्ही आला होता. त्यावर एकदा केनियातला चित्ता पळताना दाखवला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. फक्रुद्दीनने कप खाली ठेवला तो तसाच राहिला.

"आण्णा," तो मला म्हणाला, "हे जनावर आमच्या आज्यानं टोपी घालून गाडीवर बसवलंतं."

"मग? मोठं काम केलं की."

"मला ह्येला बघायचंय. तितं जाऊन."

"आत्ता बघितलंस की."

"टीव्हीत कोण बी बघतंय," तो चिडून म्हणाला. "रिटायर झालो की जाणार. लिहून ठेव."

लिहून कुणी ठेवलं नाही, पण फौंड्रीने त्याचं नाव केनिया ठेवलं. "केनिया, सिंहाला सलाम सांग." "केनिया, येताना हत्ती घेऊन ये, क्रेन बिघडलीया." हसणारे तेच, जे पाळी संपायच्या आधी हातपाय धुऊन रांगेत उभे राहायचे. मला त्यांचा संताप यायचा. ज्याला पेटी नीट भरता येत नाही त्याने दुसऱ्याच्या मनसुब्याला हसू नये.

त्याने तयारी मात्र कामासारखीच केली. शाळेच्या जुन्या पुस्तकांतून नकाशा आणला. दर दिवाळीला राजारामपुरीतल्या एका सहल कंपनीत जाऊन विचारून यायचा. तिथला रखवालदार त्याच्या काळ्या नखांकडे बघून म्हणायचा, "पावणं, एसटी स्टँड तिकडं." हा त्याला ढकलून आत जायचा. लोक ऑगस्टमध्ये जातात, तेव्हा हरणांचे कळप नदी ओलांडतात, हे त्याला कळलं. आणि ऑगस्ट आपल्या कामाचा नाही, हेही त्यानेच शोधलं. फेब्रुवारीत गवत खुजं असतं. खुज्या गवतात चित्ता लांबून दिसतो. पीतज्वराची सुई टोचून घ्यायला मुंबईला जावं लागतं. सगळं त्याला तोंडपाठ होतं.

दोन हजार चार साली तो निवृत्त झाला. फंड हातात आला आणि घरात पाहुणे यायला लागले. पहिला आला कोडोलीचा मेहुणा.

"ह्या वयात माणूस हजला जातंय, आन् तुम्ही जनावरं बघाय निघालाय?"

"माझं आन् अल्लाचं मी बघतो," फक्रुद्दीन म्हणाला. "तू तुझ्या म्हशीचं बघ. गाभण ऱ्हाईना म्हणून रडत हुतास."

मग मुलगा उमर. त्याला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. "अब्बा, चार दिवसांत गवत बघून येणार, आन् पैसं संपणार. दुकान ऱ्हाईल तरी."

"तू शिफ्टला उशिरा जातोस म्हणून तुला तीन ठिकाणनं काढलं. दुकान किती वाजता उघडणार हाईस?"

उमरने ताट सरकवलं आणि उठला. बायको सलमा भाभी शांत होती. ती म्हणाली, "आधी घराचा पत्रा बदला. पावसात मी तुमच्या आफ्रिकेखाली बसू काय?"

हे त्याला पटलं. पत्रा त्याने स्वतः वर चढून बदलला, मी खालून धरला. मग सहल कंपनीत दोन जागांची नोंदणी केली.

"दोन कशाला?" भाभी म्हणाली. "मला घरात एक जनावर बस्स हाय."

"चल गप," तो म्हणाला. त्या वर्षात तो तेवढंच एकदा हसला असेल.

निघायच्या आधी सहल कंपनीने हॉलमध्ये सगळ्या प्रवाशांना बोलावलं. फक्रुद्दीनने मला बरोबर नेलं. गार हवा, गुळगुळीत खुर्च्या, डॉक्टर, वकील, बिल्डर. कंपनीचा पृथ्वीराज नावाचा तरुण व्यवस्थापक पडद्यावर चित्रं दाखवत होता. बोलायला गोड.

"चित्ता दिसणार म्हणजे दिसणारच," तो म्हणाला. "सगळ्या गाड्यांना वायरलेस आहे. एकाला दिसला की सगळे तिकडे. बघा हा फोटो."

फोटोत एक चित्ता होता आणि त्याच्याभोवती गाड्याच गाड्या. छतातून माणसं वर आलेली, हातात कॅमेरे. लोक टाळ्या वाजवायला लागले.

फक्रुद्दीन उभा राहिला. "आन् त्यो पळायचा कुठनं?"

"काका, म्हणजे?"

"चारी बाजूला गाड्या लावल्यात. त्यो शिकार कशी करणार? उपाशी मरंल की!"

"काका, आपण त्याला जेवू घालायला चाललो नाही," पृथ्वीराज म्हणाला. हॉल हसला.

"लग्नाचं वऱ्हाड नेताय काय रे तितं? चित्ता माग काढत असला की खोकायचं बी न्हाय. बैलाच्या गळ्यातली घंटा काढून ठेवायची. आमचा आजा चित्तेवान हुता!" आता तो ओरडत होता. मी त्याचा शर्ट ओढला.

पुढच्या रांगेत एक प्राध्यापिका बाई होत्या. मागे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी तर त्याला डोळे बांधून साखळीला ठेवलं होतं ना? मग आमच्या गाड्यांचा एवढा राग का?"

फक्रुद्दीन हळू म्हणाला, "व्हय. ठेवलंतं. आमच्या घरानं त्याला कधी मोकळं बघितलंच न्हाय. म्हणून तर चाललोय, बाई."

आणि गाड्यांनी वेढलेला चित्ता काही मोकळा नव्हे, म्हणून तिथेच त्याने सहल रद्द केली. कंपनीने आगाऊ रकमेतला मोठा भाग कापून घेतला. पृथ्वीराजने नियम वाचून दाखवला, तोही गोड आवाजात.

गल्लीत बातमी पसरली आणि सगळे खूश. मेहुणा म्हणाला, अक्कल आली. उमरने दुकानाचा गाळा बघून ठेवला. चिडली ती फक्त सलमा भाभी.

"लग्न होऊन आले तवापास्नं चारला उठतीया मी," ती त्याला माझ्यादेखत म्हणाली. "कुणासाठी? न दिसणाऱ्या चित्त्यासाठी! आन् आता तुम्ही चार लोकांवर चिडून घरात बसणार व्हय? लाज वाटंना?"

"त्या वऱ्हाडासंगं जाऊ?"

"मी म्हटलं व्हय तसं?"

मलाही राग आला होता. मी म्हणालो, "पेटी मोडलीस, बरोबर केलंस. आत मऊच हुती. पण मोडून सोडून द्यायची असती व्हय? परत कोण भरणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडालेले पैसे भरून काढायला फक्रुद्दीन उद्यमनगरातल्या एका छोट्या फौंड्रीत रोजंदारीवर उभा होता. साठीच्या माणसाने परत वाळू ठोकायला घेतली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पेटीशेजारी पोत्यावर बसून ठोकायचा. उडालेली वाळू खिशात जायची आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत. उमर येऊन म्हणाला, "लोक म्हणत्यात, पोरगा बापाला खायाला घालंना. घरी चला."

"लोकांस्नी म्हणावं, बाप चैन करायला राबतोय," हा म्हणाला. "आन् त्यो रॅमर दे हिकडं. आलाईस तर ठोक."

उमरने थोडा वेळ ठोकलं. बापाने बोटाने दाबून बघितलं आणि सगळं सांडलं. पोरगा शिव्या देत गेला. पण दुसऱ्या रविवारी परत आला. तोंड वाकडं करून का होईना, ठोकत राहिला.

आता तिकडे केनियात गाडी कुणाची धरायची, एवढंच राहिलं. त्याचं उत्तर आमच्याच जुन्या फौंड्रीत होतं. आमची फ्लायव्हील नैरोबीला जायची. तिथला कच्छी व्यापारी दर दिवाळीनंतर माल तपासायला यायचा. फक्रुद्दीन गेटवर जाऊन उभा राहिला, मीही गेलो. शेटजी गाडीतून उतरल्यावर हा सरळ पुढे झाला.

"शेठ, तुमची चाकं मी भरायचो. एक तरी परत आलं काय?"

शेटजी दचकले. मग म्हणाले, "नाही आलं. का?"

"मला तितं एक गाडी पायजे. लहान. वायरलेस नको. आन् डायवर असा, की मी म्हटलं तवा इंजिन बंद करणारा."

"चित्ता बघायला?" शेटजी हसले. "अरे, मी जन्मापासून तिथे आहे. दुकानातून उठून कधी गेलो नाही बघायला." पण हसणं थांबवून त्यांनी कबूल केलं. गाडी मिळेल. पैसे मात्र पूर्ण पडतील, कारण एका गाडीचा खर्च वाटून घ्यायला दुसरं कुणी नसेल. आणि त्या पैशांत राहायचे दिवस निम्मेच बसतील.

"बसू देत," फक्रुद्दीन म्हणाला.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत दोघं गेले. बॅग भरताना भाभीने खिळ्यावरच्या टोपीकडे बोट केलं. "न्यायची?"

"कशाला? तितं तिचं काय काम?"

पुढचं मला भाभीनेच सांगितलं, कारण तो सांगेना. सकाळी उजाडताच त्यांना एक मादी दिसली. उंचवट्यावर बसलेली, अंगाने बारीक, पोट आत गेलेलं. यांनी गाडी लांब उभी केली, इंजिन बंद. थोड्या वेळाने इतर गाड्या आल्या, जवळ गेल्या, फोटो काढून निघून गेल्या. मादी उठून झाडाखाली जाऊन पडली. हे दोघं बसून. ऊन चढलं. डबा खाल्ला, तोही कागदाचा आवाज न करता. शेटजींचा ड्रायव्हर मोडकं हिंदी बोलायचा, तो कंटाळला. तिकडे हत्ती आहेत, सिंह आहेत, चला म्हणाला. फक्रुद्दीनने हातानेच त्याला गप्प केलं.

"मला वाटलं, ह्या माणसाबरोबर माझं अख्खं आयुष्य असंच गेलं," भाभी म्हणाली. "भांडणार हुते. तेवढ्यात ती उठली."

ऊन उतरताना हरणांचा एक छोटा कळप खुज्या गवतात आला. मादी पोटावर सरकत निघाली. मग सुटली. भाभी म्हणते, आवाजच नव्हता, नुसती धूळ. हरणाच्या मागोमाग वळली, पंजा टाकला, आणि हुकला. हरीण गेलं. मादी धापा टाकत उभी राहिली. तिची नजर एकदा यांच्या गाडीवर पडली. डोळे उघडे.

ड्रायव्हर उत्साहाने म्हणाला, दिवस बाकी आहे, मागोमाग जाऊ, ती परत धावेल.

"न्हाय," फक्रुद्दीन म्हणाला. "हुकल्यावर आमचा आजा त्या दिवशी चित्त्याला परत सोडत नव्हता. दमती. गाडी मागं फिरव."

"पैसे दिलेत तुम्ही," ड्रायव्हर म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय, फिरव."

मी त्याला विचारलं, एवढं राबून गेलास, आणि शिकारही झाली नाही. वाईट वाटलं नाही? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं पेटी मऊ लागल्यावर बघायचा.

"शिकार बघाय गेलो नव्हतो, आण्णा. ती आपल्या मनानं सुटली आन् आपल्या मनानं थांबली. एवढं बघितलं."

अजूनही ते घर पहाटे चारला उठतं. टोपी खिळ्यालाच आहे. लोक अजून म्हणतात की फक्रुद्दीनने फंड गवतावर उडवला. म्हणोत. त्याच्या घामाच्या पैशातून काय आलं ते मला माहीत आहे: घरावरचा पत्रा, आणि परक्या मुलखात दिवसभर बंद राहिलेलं एका गाडीचं इंजिन.