दारावरची फुली

ती केस विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण घरात कुणाला ताप आला आणि बायको मोबाइलवर आलेला कसला तरी उपाय वाचून दाखवायला लागली, की सगळं पहिल्या फोनपासून आठवतं. मग मी उठून बाल्कनीत जातो. ती समजते आणि वाचायचं थांबवते.

मुलुंडच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. फ्लूची साथ जोरात होती. ठाण्यातले निम्मे लोक तापाने घरी, उरलेले डबल ड्युटी करून वैतागलेले. त्यातच आमच्या हद्दीत एका म्हातारीची चेन गेली. पालिकेतून फवारणीला आलोय असं सांगून एक माणूस घरात शिरला आणि चेन घेऊन गेला. ही घटना खरी होती, गुन्हाही दाखल होता.

हद्दीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. आमच्या बीटवर गस्त घालणाऱ्या पोलिसांनीच तो केला होता. त्यावर टाकायला मी सूचना लिहिली. पालिकेचे कर्मचारी म्हणून येणाऱ्या अनोळखी व्यक्तींना घरात घेऊ नये, ओळखपत्र तपासावे, वगैरे. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी आणखी एक वाक्य घातलं: दारावर खडूच्या खुणा दिसल्यास ती चोरांची खूण समजून तात्काळ पोलिसांना कळवावे. हे मला कुणी कळवलं नव्हतं, कुठल्या गुन्ह्यात निघालंही नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या हवालदाराच्या तोंडून ऐकलं होतं, तेच अनुभव म्हणून ठोकून दिलं. खाली माझा हुद्दा टाकला. तो गुरुवार होता.

रविवारी सकाळी पावणेअकराला ठाण्यात फोन आला. एका चार मजली जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, हे स्वतः एका कंपनीतून निवृत्त झालेले. आवाजात विजय होता.

"साहेब, बोगस नर्स पकडली. दारांवर खुणा करत होती. वॉचमनच्या खोलीत बंद केलीय. तुमचो मेसेज वाचल्यापासून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो."

मी त्यांना शाबासकी दिली. हेही लिहायलाच हवं, नाहीतर ही आठवण अर्धीच राहील. आमची गाडी गेली आणि महिला हवालदार त्या बाईला घेऊन आली.

बाई चाळिशीची, मूळची जालन्याकडची, राहायला घाटकोपरला. पालिकेच्या दवाखान्यात कंत्राटी आरोग्य सेविका असल्याचं सांगत होती. साडीचा पदर फाटला होता, मनगटावर ओढाताणीचे वळ होते. पिशवीत खडू, थर्मामीटर, एक वही आणि गुलाबी कागदांचा गठ्ठा. ओळखपत्राचा फोटो अर्धा सुटलेला आणि शिक्का पार पुसट झालेला. दवाखान्यात फोन लावला, तर रविवार, कुणी उचलेना. तिच्या वरिष्ठांचा मोबाइल बंद. ते स्वतःच तापाने झोपलेत, असं ती म्हणाली. मला वाटलं, झकास, सगळं ठरवून आलीय.

मी विचारलं, "खुणा कशाला करत होतीस?"

"कामाच्या आहेत, साहेब. घर झालं की बरोबरची खूण. घर राहिलं की फुली, म्हणजे परत जायचं. पण माझं नंतर बघा ना. तिसऱ्या मजल्यावर चार नंबरला एक पोरगी आहे, सातवा महिना. शुक्रवारपासून ताप आहे तिला. सासू दाराच्या फटीतून बोलली, उघडलं नाही. काल परत गेले, तरी नाही. कुणाला तरी पाठवा तिथं."

"म्हणजे पोलिसांनी जाऊन दार उघडून द्यायचं, असंच ना?"

ती म्हणाली, "मला इथंच ठेवा. कोठडीत टाका पाहिजे तर. पण डॉक्टर पाठवा. गरोदर बाईला या तापात थांबून चालत नाही."

सत्तावीस वर्षं माणसं तपासून माझी एक समजूत झाली होती. खोटं बोलणारा माणूस विषय बदलतो. ही बाई प्रत्येक उत्तराच्या शेवटी चार नंबरवर येत होती, म्हणून मी ते नाटक धरलं. चोरी केलेला माणूस स्वतःच्या सुटकेबद्दल बोलतो आणि ही एकदाही तसं बोलली नव्हती. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. तेच तेच प्रश्न मी फिरवून विचारले. पत्ता, नवरा, पगार कोण देतं, याआधी कुठे काम केलं. चहा मागवला, तिलाही दिला. तिने प्यायला नाही. घड्याळात एक वाजून गेला होता.

तोपर्यंत गप्प उभ्या असलेल्या महिला हवालदाराने वही उचलून चाळली. "साहेब," ती म्हणाली, "आमच्या क्वार्टरच्या दारावर असंच लिहितात. पोलिओचा रविवार झाला की बाया येऊन खडूने खूण करून जातात. आमच्या दारावर अजून आहे. तुमच्यापण असेल."

होती. माझ्या स्वतःच्या दाराच्या चौकटीवर, बेलच्या जरा वर, मुलं लहान असल्यापासून अशा खुणा होत्या. बायकोने दिवाळीच्या साफसफाईतही कधी पुसल्या नाहीत. रोज त्या दारातून मी गणवेशात बाहेर पडत होतो.

वहीतल्या नोंदी पडताळायला एका शिपायाला सोसायटीत पाठवलं. दारं एकेक करून बघ आणि फोनवर सांग, म्हटलं. तळमजल्यापासून सुरुवात झाली. तो खूण सांगत होता आणि महिला हवालदार वहीत बघत होती. एकही चूक नव्हती. तिसरा मजला आला.

"चार नंबरला फुली आहे, साहेब. आणि फुलीभोवती गोल."

समोर बसलेली बाई हळूच म्हणाली, "गोल म्हणजे गरोदर."

मी तिला गाडीत माझ्या शेजारी बसवलं. चार नंबरचं दार माझा गणवेश बघून पहिल्याच बेलला उघडलं. आत ती मुलगी उशा लावून अर्धवट बसली होती, आडवं झालं की श्वास लागत होता. सासूने काढा दिला होता. ती काही वाईट बाई नव्हती. फ्लूच्या गोळ्या पोटातल्या बाळाला मारतात असा एक मेसेज तिच्या मोबाइलवर आला होता आणि खरं काय ते विचारायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. ज्या बाईला विचारता आलं असतं, ती तीन दिवस दाराबाहेर उभी होती. तिच्या गुलाबी कागदावर चार ओळी होत्या. त्यातली दुसरी अशी: गरोदर स्त्रीला ताप आल्यास त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

आमच्याच गाडीतून मुलीला रुग्णालयात नेलं. सेविका तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती. बरेच दिवस ती मुलगी मशीनवर होती. ती वाचली. बाळ दुसऱ्याच दिवशी पोटातच दगावलं. डॉक्टर मला एवढंच म्हणाले की शुक्रवारी आणलं असतं तर बरं झालं असतं.

सेविकेचा जबाब घेतला. सरकारी कामात अडथळा आणि मारहाण, गुन्हा सरळ होता. ती म्हणाली, "सेक्रेटरींवर घालू नका, साहेब. ते तुमचंच ऐकत होते. तुम्ही तो मेसेज तेवढा मागे घ्या."

मेसेज मागे घेणं म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं. त्याच दिवशी मी खुलासा टाकला. सेक्रेटरींनी त्याखाली अंगठ्याची चित्रं टाकली आणि पुढे कुणीच पाठवला नाही. पहिला मेसेज मात्र बोरिवली, अंधेरी करत फिरत राहिला. चार महिन्यांनी तो माझ्या मेहुणीने काळजीपोटी मलाच पाठवला, खाली माझ्याच हुद्द्यासकट. लोक मूर्ख असतात म्हणून अशा गोष्टी पसरतात, असं मी आधी मानायचो. आता मानत नाही. आपल्या माणसाचं वाईट होऊ नये म्हणूनच लोक पाठवतात, आणि कुणावर विश्वास टाकायचा हे ते खालचं नाव बघून ठरवतात. म्हणून ज्याच्या नावाला वजन आहे, त्याने माहीत नसलेलं एक अक्षरही लिहू नये. त्या एका वाक्यासाठी मी दवाखान्यात एक फोन करायला हवा होता. गुरुवार होता, दवाखाना उघडा होता.

त्या रविवारनंतर महिन्याभराने त्या मुलीचा नवरा ठाण्यात आला. भांडुपच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा, सव्वीस-सत्तावीसचा शांत माणूस. ठाणे अंमलदाराने त्याला माझ्याकडे आणून बसवलं.

"साहेब, त्या बाई खऱ्या होत्या," तो म्हणाला. "मग खोटं कुणी लिहिलं, ते मला कळायला पाहिजे. तक्रार द्यायचीय." त्याने मोबाइल पुढे केला.

मी म्हटलं, "हे मी लिहिलंय."

त्याने मोबाइल परत घेतला, तो मेसेज पुन्हा वाचला. "खाली पोलीस लिहिलं होतं म्हणून तर मी आईला सांगितलं, दार उघडू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने विचारलं, "आता तक्रार कुणाकडे करायची?"

मी त्याला सहायक आयुक्तांचं कार्यालय सांगितलं. अर्ज कसा लिहायचा हे त्याला येत नव्हतं, म्हणून कोरा कागद घेऊन मीच लिहायला बसलो. माझं पूर्ण नाव, हुद्दा, सूचनेतलं ते वाक्य, त्याला कसलाही आधार नसल्याचं, सेविकेला तीन तास बसवून ठेवल्याचं. या अर्जावर पुढे चौकशी झाली आणि मला लेखी समज मिळाली, पण ते नंतरचं. त्या दिवशी मी अर्ज त्याला वाचून दाखवला. 'सदर विलंबामुळे अर्जदाराचे अपत्य दगावले' या वाक्यावर त्याने मला थांबवलं.

"मुलगी होती, साहेब," तो म्हणाला. "तेवढं लिहा."

अपत्य खोडून मी मुलगी लिहिलं आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे केला.