एका बाकावरचा वर्ग

रणपिसे सर माझी हजेरी घ्यायचे. सेंगकांगमधल्या आमच्या इमारतीखालच्या बाकावर, दर रविवारी सकाळी आठला. वर्गात मी एकटी. तरी वही उघडून, चष्म्यावरून पाहत ते पुकारायचे, "जाधव स्वाती!" मी "हजर, सर" म्हटल्यावरच शिकवणं सुरू. पहिल्यांदा मला हसू आवरेना. "हसायचं काय त्यात? एक असो की ऐंशी, वर्ग तो वर्गच."

साताऱ्याकडच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं होतं. बायको गेल्यावर मुलाने इथे परदेशात आणलं. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. दिवसभर बोलायला कोणी नाही. मीही आंग मो किओ भागातल्या कंपनीतून रिकाम्या फ्लॅटवर परतणारी. म्हणून बसू लागले, नाहीतर सर शिकवत त्या अमेरिकेतल्या पक्षांशी मला काय देणंघेणं!

पण सर रंगवून सांगत. "पहिला राष्ट्राध्यक्ष जाताना बजावून गेला, पक्षबिक्ष नकोत. आणि त्याच्याच मंत्रिमंडळातले दोघे असे भांडले की दोन पक्ष उभे राहिले!"

त्यांची नात इरा एकदा दोन मिनिटं टेकली. इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, ओन्ली टू पार्टीज, सो सिंपल लाह!"

"दोन दिसतात गं. एकेकाच्या पोटात किती जण भांडतात ते बघ," सर म्हणाले, तोवर ती लिफ्टपाशी पोचली होती.

त्या पहिल्या दोनांपैकी फेडरलिस्ट पक्ष कसा संपला हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "पक्ष हरल्याने मरत नाही, स्वाती. माणसं यायची बंद झाली की मरतो."

एकदा तापामुळे माझा रविवार बुडाला. पुढच्या वेळी सरांनी आधी विचारलं, मग रकान्यात 'आजारी' लिहिलं. "कारण ऐकल्याशिवाय मी कुणाची गैरहजेरी मांडत नसतो."

पुढचा धडा गुलामगिरीवरून व्हिग पक्ष फुटला त्याचा होता. त्या रविवारी मी ऑफिसातल्या लोकांबरोबर पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेले. सरांना कळवलं नाही. खरं तर मला कंटाळा आला होता, आणि तसं सांगायची लाज वाटली. दहापर्यंत ते बाकावर बसून होते, असं इरा म्हणाली. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी तीन दिवस टाळलं. गुरुवारी सर हृदयविकाराने गेले.

सरांच्या मुलाने हजेरीची वही माझ्या हातात ठेवली. "बाबांच्या लेखी ही तुमचीच."

माझ्या नावापुढे ओळीने 'हजर', मध्ये एक 'आजारी'. शेवटच्या रविवारची तारीख त्यांनी नीट घातली होती. खालचा रकाना कोरा. माझं कारण ऐकायला सर थांबले होते.