पडायची पाळी

इस्त्रीवाली दिवसभर उभी असायची आणि घरी सासूबाई बूड टेकू द्यायच्या नाहीत. म्हणून गॅरेजवरच्या खोलीत भरणारी रविवारची प्रार्थनासभा तिला जिवापाड आवडायची. तिथे पास्टर कपाळावर हात ठेवत, देवाची शक्ती अंगात आली की माणूस मागे कोसळे आणि झेलायला दोघे तयार असत. पडलेल्याला कोणी उठवत नसे. उलट अंगावर चादर घालत. एवढे लाड तिचे माहेरीही झाले नव्हते.

त्या रविवारी पास्टर अजून दोन माणसांपलीकडे होते, तोच ही आडवी! झेलणाऱ्यांची तारांबळ उडाली.

"काय हा विश्वास!" पास्टर गहिवरले. विश्वास थोड्याच वेळात घोरू लागला.

तेवढ्यात सासूबाई तणतणत आल्या. "घरात भांड्यांचा ढीग पडलाय आणि महाराणी इथे लोळतायत! माझे गुडघे किती दुखतात, आहे का कोणाला पर्वा?"

गुडघे म्हटल्याबरोबर पास्टरांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. सासूबाईंनी डोळे वटारले, खालच्या चादरीकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या सुनेशेजारी धप्पकन पडल्या.

सून दचकून जागी झाली. "आई, लागलं का?"

"गप पड," सासूबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या. "तू उठलीस तर मलाही उठावं लागेल."