घट एकच बसायचा

“बाई, शेवटचं एकच विचारतो,” अप्पासाहेब म्हणाले. “नवरात्रात तुमच्या घरी घट बसायचा का?”

साक्षीच्या पिंजऱ्यात द्वारकाक्का उभ्या होत्या. तिशीतली बाई, डोक्यावरून पांढरा पदर, एक हात कठड्यावर. मी अप्पासाहेबांच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसलो होतो. ते वकील, मी त्यांचा स्टेनो. कोर्टात साक्षीदार जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि संध्याकाळी माळमड्डीतल्या ऑफिसात टाईप करून द्यायचं, हे माझं काम. शॉर्टहँड म्हणजे शब्दांऐवजी आवाजाच्या रेघा. ती शिकवतात इंग्रजीसाठी, पण आमच्या धारवाडात साक्षीदार एका दमात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो, म्हणून मी माझ्या रेघा घरीच तयार केल्या होत्या.

खटला हुबळीच्या एका कापडवाल्या घराण्याचा होता. भाऊ तिघे. थोरले दत्तूअण्णा आमचे अशील. मधला वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. द्वारकाक्का त्याची बायको. नवऱ्याचा हिस्सा मला द्या, असा त्यांचा दावा.

तेव्हाचा कायदा असा होता. भाऊ वाटण्या करून वेगळे झालेले असले, तर मूल नसलेल्याचा हिस्सा त्याच्या बायकोला मिळायचा, तोही तिच्या हयातीपुरता. एकत्र असले, तर हिस्सा उरलेल्या भावांचा. तिला फक्त पोटगी, म्हणजे दोन वेळचं जेवण, अंगावर कापड आणि राहायला एखादा कोपरा. त्यामुळे सगळी लढाई एकाच मुद्द्यावर होती. भाऊ वेगळे होते की एकत्र?

द्वारकाक्कांची बाजू भक्कम होती. चूल वेगळी. दूधवाला वेगळा. एकदा कडाक्याचं भांडण झालं तेव्हा परसात भिंतसुद्धा घातलेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तशा साक्षी दिल्या होत्या आणि दत्तूअण्णांचा चेहरा उतरला होता. खरं सांगायचं तर मीही केस गेली असंच धरून चाललो होतो.

आणि साहेबांनी घटाचं काढलं.

“माझ्या घरी नाही,” द्वारकाक्का म्हणाल्या. “थोरल्या जाऊबाईंकडे बसायचा. आम्ही सगळे तिथंच जायचो.”

“म्हणजे घट एकच?”

“हौद्री. एकच.”

हौद्री म्हणजे होय जी. इकडे मराठी माणसाच्या तोंडीही तेच बसलेलं आहे. बाईंच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. चुली भांडणानेही वेगळ्या होतात, पण ज्यांचा कुळाचार एक त्यांचं कुटुंब एक, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जज्जसाहेबांनी उत्तर शब्दशः लिहून घेतलं. बाई खोटं बोलू शकल्या असत्या, घरात घट कुठे बसायचा हे बघायला कोर्ट थोडंच आलं होतं! पण देवीचं नाव निघालं आणि बाईंनी आहे ते सांगून टाकलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. मी तर खूष. वाह रे प्रश्न, असं म्हणत मी व्हरांड्यात आलो, तर द्वारकाक्का साहेबांच्या पुढ्यात उभ्या. रडत नव्हत्या, चिडलेल्याही दिसत नव्हत्या.

“वकीलसाहेब, एक विचारू? मी खोटं बोलायला हवं होतं का?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने हायकोर्टाच्या न्यायाधीशांना निरुत्तर केलेलं मी पाहिलं होतं, त्याला त्या दिवशी शब्द सुचेना. बाई नमस्कार करून निघून गेल्या. संध्याकाळी दत्तूअण्णा पेढे घेऊन आले. साहेब म्हणाले, “ठेवा तिथं.” ते त्यांनी हातात घेतलेच नाहीत. आम्ही कारकुनांनी फस्त केले.

आता साहेबांची दुसरी बाजू सांगतो. ते दिल्लीच्या असेंब्लीचे सभासद होते. साऱ्या देशाचे कायदे जिथे होत ती सभा. कापसावरची जकात, रेल्वेचं भाडं, रुपयाचा दर, असे रुक्ष विषय ते घेत. भाषण मला डिक्टेट करत, मी टाईप करायचो, मग ते त्यावर तांबड्या पेन्सिलीने तुटून पडत. मी पुन्हा टाईप करायचो. ते उभे राहिले की सरकारी बाकांवरचे साहेबलोक कागद शोधायला लागत. अधिवेशनाला मी बरोबर जायचो आणि आल्यावर आठवडाभर बायकोला दिल्लीच्या थंडीच्या थापा मारायचो.

पण दिल्लीला पाठवत होती हुबळी. त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. घर, जमीन, कर असेल त्यालाच मत. हुबळीच्या पेठेतले व्यापारी साहेबांचे मतदार, आणि पेठ दत्तूअण्णांच्या शब्दाबाहेर नव्हती. निवडणुकीत त्यांचीच मोटार धावली होती.

वर्ष उलटलं असेल. असेंब्लीपुढे एक बिल आलं. बिल म्हणजे कायद्याचा खर्डा. चर्चा होऊन त्यावर मतं पडली, वरून मंजुरी मिळाली, की त्याचा कायदा होतो. बिल असं होतं की हिंदू विधवेला, घर एकत्र असलं तरी, नवऱ्याचा हिस्सा मिळावा. दत्तूअण्णा सकाळच्या गाडीने धारवाडला हजर.

“अप्पासाहेब, ते बायकांचं बिल येतंय म्हणे?”

“येतंय.”

“पेठेत दुसरा विषय नाही बघा. उद्या प्रत्येक भावजय हिस्सा मागायला लागली तर दुकानं चालवायची कशी?”

“तुमचं काय म्हणणं?”

“विरोध करा असं म्हणत नाही मी. तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. पण बोलू नका. सुम्न कूड्री. गप्प बसायला काय जातंय तुमचं? पुढची निवडणूक आहेच की.”

“बघू,” साहेब म्हणाले.

दत्तूअण्णा समाधानाने गेले. आमच्या साहेबांचं ‘बघू’ म्हणजे काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं, साहेब बोलणारच. साहेब पडले की माझी दिल्लीही बंद. पण नंतर त्यांनी भाषण डिक्टेट केलं ते अगदी सोवळं निघालं. स्मृतींचे आधार, टीकाकारांची मतं, हायकोर्टाचे निवाडे. मी म्हटलं चला, हे ऐकून कुणाला झोप लागेल, राग काही येणार नाही.

दिल्लीत चर्चेच्या दिवशी मला वरच्या गॅलरीचा पास मिळाला. पाहुण्यांच्या गॅलरीत लिहायला बंदी असते. वही-पेन्सिल दारातच काढून घेतली. स्टेनोचा हात रिकामा राहत नाही, माझी बोटं धोतरावरच रेघा ओढत होती.

एक वयस्कर सभासद बिलाविरुद्ध बोलत होते. मोठे विद्वान गृहस्थ, आवाज गोड. “आमच्या घरातल्या विधवांना आम्ही देवघरासारखं जपतो,” ते म्हणाले. “मग तक्रार आहे तरी कुणाची? या सभागृहातल्या एका तरी सभासदाने अशी अन्याय झालेली बाई डोळ्यांनी पाहिली आहे काय?”

बऱ्याच जणांनी बाकं वाजवली. साहेबांची पाळी आली. ते उठले. मी टाईप केलेला गठ्ठा त्यांनी बाकावर पालथा ठेवला, तेव्हाच मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

“मी पाहिली आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “तिला मीच हरवलं.”

लॉबीकडे निघालेले दोघे सभासद वाटेत थांबले.

साहेबांनी नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. आवाज चढवला नाही. जकातीवर बोलत तसेच बोलत होते. “मी तिला एक प्रश्न विचारला. प्रश्न कायद्याला धरून होता. माझ्या अशिलाचा तो हक्क होता, आणि कायदा हाच राहिला तर उद्याही मी तो विचारीन. ती म्हणाली, हौद्री. आमच्याकडे होय जी म्हणायचं तर हौद्री म्हणतात. तेवढं बोलल्यामुळे तिचं घर गेलं. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, मी खोटं बोलायला हवं होतं का? मी आयुष्यभर वकिली केली आहे. मला उत्तर देता आलं नाही. सन्माननीय सभासदांपैकी कुणाकडे उत्तर असेल, तर त्यांनी ते द्यावं, मी ऐकायला तयार आहे. नसेल, तर हा कायदा बदलावा.”

आणि ते खाली बसले. एवढंच भाषण.

बाक कुणी वाजवलं नाही. तो गोड आवाजाचा म्हातारा मान खाली घालून आपला चष्मा पुसत बसला. मी कुणाच्या सहजी पाया पडणारा माणूस नव्हे. साहेबांचा तिरसटपणा, चहात साखर कमी पडली की होणारा तमाशा, सगळं मला पाठ होतं. कोर्टातल्या त्या प्रश्नाने मी थक्क झालो होतो, पण ती हुशारी होती. आता समोर बसला होता तो माणूस आपली जिंकलेली केस आणि आपली पेठेतली मतं, दोन्ही साऱ्या देशादेखत एका बाईपुढे ठेवून मोकळा झाला होता. त्या बाईला मतही नव्हतं, कारण मालमत्ता नव्हती, आणि मालमत्ता नव्हती ती याच माणसामुळे. माझे डोळे भरून आले आणि मी ते खुशाल भरू दिले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “साहेब, ते टाईप केलेलं भाषण?”

“रद्दीत घाल.”

“आणि निवडणूक?”

“तीही त्यातच.”

बिल पास झालं. पण कायद्याचा एक नियम असतो, तो लागू झाल्यापासून पुढे चालतो. आधी ज्यांचा नवरा गेला त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे द्वारकाक्कांच्या हाती काहीच नाही. बोलायला उभे राहिले तेव्हाही साहेबांना हे माहीत होतं. धारवाडला आल्यावर ते स्वतः हुबळीला गेले, मला घेऊन. दत्तूअण्णांच्या घरामागे, गोठ्याला लागून द्वारकाक्कांची खोली होती. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच साहेबांनी सगळं सांगितलं.

“मला काहीच नाही मग?”

“नाही, बाई.”

त्या आत गेल्या. मला वाटलं आता दार लावून घेणार. तर दोन भांडी ताक घेऊन आल्या. “उन्हातून आलात,” म्हणाल्या. साहेबांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं.

पुढच्या निवडणुकीत पेठेने आपला शब्द खरा केला आणि साहेब सपाटून आपटले. दत्तूअण्णांची मोटार दुसऱ्याच्या प्रचारात फिरली. दिल्ली संपली, आम्ही आपले धारवाडच्या कोर्टाला चिकटून राहिलो.

मग एक दिवस ऑफिसात दोन बायका आल्या. पुढे द्वारकाक्का, केस पांढरे व्हायला लागलेले. मागे एक थोराड बाई, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. त्या तुळसाक्का, दत्तूअण्णांची बायको. दत्तूअण्णा दुकानातच बसल्या जागी गेले होते. त्यांनाही मूल नव्हतं. धाकटा भाऊ म्हणत होता, आम्ही एकत्र होतो, आता सगळं माझं; वहिनी, तुम्ही मागच्या खोलीत राहायला जा.

“घाबरू नका,” साहेब म्हणाले. “आता तसा कायदा राहिला नाही. तुमच्या यजमानांचा हिस्सा तुमचा.”

तुळसाक्कांचा विश्वास बसेना. “असा कायदा कुणी केला म्हणायचा?”

“ह्यांनी,” द्वारकाक्का म्हणाल्या. “आधी मला हरवलं, मग जाऊन केला.”

साहेब इतके मोठ्याने हसले की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावून गेला. मला वाटतं, व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर त्या बाईपुढे ते पहिल्यांदाच हसत होते.

खटला उभा राहिला. तुळसाक्का पिंजऱ्यात, मी त्याच बाकावर वही घेऊन. धाकट्याचे वकील जुन्या वळणाचे. त्यांनी उलटतपासणीत चुली काढल्या, भिंत काढली, ते सगळं नुसत्या भांडणातलं म्हणून बाईंकडून वदवलं, आणि शेवटी, मी तुम्हाला सांगतो, अगदी तोच प्रश्न काढला, “बाई, नवरात्रात घट किती बसायचे?”

तुळसाक्कांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

“एकच बसायचा. आमच्या घरी.”

“म्हणजे कुटुंब एकत्र होतं?”

“हौद्री.”

वकील विजयी मुद्रेने जज्जसाहेबांकडे वळले. जज्जसाहेब लिहिता लिहिता थांबून म्हणाले, “वकीलसाहेब, त्याने आता काय फरक पडतो?”

वकील खाली बसले. काही फरक पडतच नव्हता. मी ती हौद्री वहीत उतरवली, पूर्वीच्याच दोन रेघांनी.

निकाल तुळसाक्कांच्या बाजूने लागला. पुढे दोघी जावा पुढच्या घरात एकत्र राहिल्या, मागची खोली सरपणाला दिली. पण ते नंतरचं. त्या दिवशी व्हरांड्यात साहेब स्वतः होऊन द्वारकाक्कांपुढे जाऊन उभे राहिले, अगदी त्याच जागी.

“बाई, तुम्ही मला इथं एक विचारलं होतंत. उत्तर द्यायचं राहिलं होतं.”

“काय ते?”

“खोटं बोलायला नको होतं.”

द्वारकाक्कांनी मान हलवली. “ते मला तेव्हाच माहीत होतं, साहेब,” त्या म्हणाल्या आणि जावेला जिना उतरायला हात दिला.

नोकरीत मी हजारो साक्षी उतरवल्या. त्यावरून मला कळलं ते एवढंच, की खरं बोलणारा माणूस हरला तर आधी कायदा तपासून बघावा.