पाटीवर पुसलेलं वाक्य

माझे मामा आनंदराव मळेकर मूळचे हिर्डोशीचे. घरी भाताची खाचरं, वर डोंगराला नाचणी, चार जनावरं, आणि शिकलेलं कुणी नाही. मामा फायनल पास झाले आणि भोर संस्थानानं त्यांना आंबवड्याच्या शाळेवर मास्तर नेमलं. ही १९२८ सालची गोष्ट. माझी आई बाळाबाई त्यांची धाकटी बहीण. तीही आंबवड्यातच दिलेली, मामांच्या बिऱ्हाडापासून तीन घरं सोडून. मी हे सगळं तिच्याकडून ऐकलं. थोडं मामांकडूनही ऐकलं, पण ते या विषयावर फार बोलत नसत.

मामांना कादंबऱ्यांचं वेड. दर रविवारी चालत भोरला जायचे, वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि परतीच्या वाटेवरच अर्धं वाचून काढायचे. असंच वाचत चालताना एकदा ते समोरून येणाऱ्या म्हशीवर आदळले. आंबवड्यातली माणसं ते पुष्कळ दिवस हसून सांगत. खून, हरवलेलं मृत्युपत्र, वेश पालटून आलेला भाऊ, असलं काही असलं की मामांना तहानभूक आठवत नसे. वाचता वाचता त्यांना वाटायला लागलं की आपणही लिहावं.

पहिली कादंबरी लिहायला त्यांना दोन वर्षं लागली. ती त्यांनी पुण्याला सीतारामपंत आठल्ये नावाच्या प्रकाशकांकडे पाठवली. आठल्यांची कादंबरीमाला होती, दर महिन्याला एक पुस्तक निघे. पंधरा दिवसांत हस्तलिखित परत आलं. सोबत पत्र होतं.

'आपले अक्षर वळणदार आहे. डोंगराचे वर्णनही उत्तम साधले आहे. परंतु चाळीस पाने वाचूनही कोणाला काय हवे आहे ते मला कळले नाही. डोंगर पाहण्यासाठी कोणी आमचे पुस्तक घेत नाही.'

दुसरा कुणी रुसून बसला असता. मामांनी ते पत्र धड्यासारखं पाठ केलं. भोरच्या बाजारात रद्दीत एक खपाची कादंबरी मिळाली, ती आणून त्यांनी तिची शिवण उसवली. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या जमिनीवर एकेक प्रकरण वेगळं मांडलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चिंचोके ठेवले. नायिका कितव्या पानावर येते, चिठ्ठी केव्हा सापडते, वाचकाला कळलेली गोष्ट नायिकेला किती उशिरा कळते, हे सगळं त्यांनी फळ्यावर उतरवून काढलं. पुसायचं मात्र विसरले. सोमवारी शाळा भरली तर फळ्यावर लिहिलेलं, 'प्रकरण चार : दार वाजते.' पोरं दिवसभर विचारत होती, "मास्तर, कोन हाय दारात?"

मामा आईला म्हणाले, "बघ बाळे, चौथीच्या पोरांनाबी कळलं. दार वाजलं की उघडंस्तवर कुणी उठत न्हाई."

पण त्यांची खरी शाळा घरीच होती. ठकुमामी वेल्ह्याकडची. तिला अक्षरओळख नव्हती. शाळा सुटल्यावर, अजून उजेड असताना, ती ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसे आणि मामा लिहिलेलं तिला वाचून दाखवत. ती मधूनच थांबवायची.

"अवो, ही पोरगी रडती कशापायी?"

"तिचं मन भरून आलंय."

"आन् कशानं? तुमी काय सांगितलंच न्हाई. मला न्हाई रडू येत."

मामा चिडत. मग ओट्यावर फेऱ्या मारत. मग म्हणत, "बरं, तिची आई तिला न सांगता माहेरी निघून गेली, असं केलं तर?"

मामी सूप खाली ठेवायची. "कुठं गेली? का गेली?"

की मामा लगेच पानाच्या कडेला पेन्सिलीनं टिंब काढत. मामीचे हात थांबले म्हणजे प्रकरण तिथं संपवायचं, हा त्यांचा हिशेब. लिहिण्याची रीतही ठरलेली. प्रत्येक वाक्य आधी शाळेच्या पाटीवर लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, पुसायचं, बदलायचं, आणि मनासारखं झालं की मगच कागदावर उतरवायचं.

अशी दुसरी कादंबरी झाली आणि १९३४ साली आठल्यांनी ती छापली. सर्व्हिस मोटारीनं प्रतींचं पुडकं भोरला आलं, तिथून मामांनी ते डोक्यावर घेऊन आणलं. मामीनं मुखपृष्ठावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात माजं नाव कुठं हाय?" ती थट्टेनंच म्हणाली होती. मामा म्हणाले, "सगळ्या टिंबांत." त्याच वर्षी त्यांची मुलगी हौसा दोन वर्षांची झाली. आई म्हणायची, त्या घरात तेव्हा इतकं हसू असायचं की आपल्या घरी परत यायला पाय उचलत नसे.

हौसा पाच वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. भोरच्या दवाखान्यातले डॉक्टर दोनदा येऊन गेले. औषध चालू होतं, पण पोरगी वाळत गेली. हातातली पितळी बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. एकविसाव्या दिवशी दुपारी ती बरी दिसली. पेज मागितली. मामी तिला मांडीवर घेऊन बसली होती, मामा उशाशी होते, माझी आई दारात उभी होती. हौसानं बांगडी वर सरकवली, खाली सोडली, आणि मामीकडे बघून काहीतरी म्हणाली. लहान वाक्य होतं. मामीला त्या दुःखातही हसू आलं. तासाभरानं पोरगी गेली.

त्यानंतर वर्षभर मामांनी पाटी हातात धरली नाही. मामी घरातलं सगळं करी, बोलतही असे. मामा शाळेतून आले की दोघं ओट्यावर बसत. कधीतरी मामीच विषय काढी, "ती बांगडीचं काय म्हनली, आठवतं न्हवं?" मामा मान हलवत. तेवढ्यावर तिची संध्याकाळ निघे.

मग आठल्यांचं पत्र आलं. लोक आता रहस्यांना कंटाळले आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. बायका वाचू लागल्या आहेत, त्यांना रडवणारी कादंबरी पाहिजे. आपल्यावर झालेला आघात आम्ही जाणतो. ज्याने सोसले त्यानेच लिहावे.

मामांनी ते पत्र आठवडाभर खिशात ठेवलं, आणि लिहायला बसले. या वेळी ते शाळेतच बसत, घरी काही आणत नसत.

"अलीकडं वाचून दावत न्हाई," मामी एकदा म्हणाली.

"ही तुझ्याजोगी न्हाई."

"का? लई खून हायती?"

मामा टोपी घालून शाळेकडे निघाले. तिला वाटलं, आपलं मन दुखू नये म्हणून कसलं तरी भयंकर टाळताहेत. तिला ते बरं वाटलं, असं तिनं आईला सांगितलं होतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी मामा आईजवळ हे बोलले. हौसाचं वाक्य त्यांनी पाटीवर जसंच्या तसं लिहिलं होतं. लिहिताना रडू आलं, म्हणून थोडं थांबले. मग वाचून पाहिलं आणि त्यांना वाटलं, वाक्य कच्चं आहे. प्रकरणाच्या शेवटी टिकणार नाही. पुसलं. बदललं. पुन्हा पुसलं. चौथ्या खेपेला वाक्य चांगलं उतरलं आणि त्यांना आनंद झाला. "बाळे," ते म्हणाले, "मला आनंद झाला गं. हात पांढरे झाले होते खडूनं, आणि मी खुशीत होतो."

१९३९ साली पुस्तक निघालं आणि खूप चाललं. साताऱ्याहून, नगरहून मामांना पत्रं आली. आंबवड्यात तलाठ्यांच्या घरी प्रत आली. तलाठ्यांची बायको सगुणाबाई वाचणारी होती. श्रावणात दुपारी देवळात बायका जमत, तिथं ती पोथी वाचून दाखवत असे. त्या वर्षी पोथी संपल्यावर तिनं कादंबरी काढली. मास्तरांचं पुस्तक म्हणून ठकुमामीला मानानं पुढे बसवलं. शेजारी माझी आई होती.

तीन दुपारी चांगल्या गेल्या. मामीला अभिमान वाटत होता. चौथ्या दुपारी कादंबरीतली मुलगी आजारी पडली. आई सांगायची, वैनीच्या हातातली वात वळायची थांबली. सगुणाबाई वाचत गेली. मुलीनं क्षीण हातानं बांगडी वर केली आणि म्हणाली, 'आई, ही बांगडी आता मला मोठी होते. देवाच्या घरी माझ्या मापाची मिळेल ना गं?'

तिथं प्रकरण संपत होतं. सगुणाबाईलाच हुंदका आला. सगळ्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या.

ठकुमामी तेवढी रडली नाही. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "असं न्हाई म्हनली ती."

बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती उठली आणि घरी गेली. आई मागोमाग धावली. मामा ओट्यावर वह्या तपासत होते. मामी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तिला देवाघरी जायाचं ठावं नव्हतं," ती म्हणाली. "तुमी तिला ते बोलाया लावलं."

मामांनी वही मिटली. "अगं, ती हौसा न्हाई. ती गोष्टीतली मुलगी आहे."

"बांगडी हौसाची हाय."

"वाचणाऱ्याला भिडावं म्हणून थोडं बदलावं लागतं. तूच शिकवलंस मला. तुझे हात थांबले की..."

"मग मला का न्हाई वाचून दावलं?"

मामा मिटलेली वही पुन्हा उघडायला लागले.

"तिचं तेवढंच बोलनं माज्यापाशी हुतं," मामी म्हणाली. "मी रोज ऐकायची, तिच्याच आवाजात. आता कान दिला तर सगुणाबाई वाचतीया."

मामा उठून जवळ आले. "मी दुसऱ्या आवृत्तीत बदलतो. जसं ती म्हणाली तसंच घालतो. तू सांग, मी आत्ता लिहून घेतो."

मामी दोन पावलं मागं सरली. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय ती काय म्हनली?"

आई म्हणायची, दादाचं तोंड मी तसं कधी पाहिलं नाही. तो आठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला आठवत नव्हतं. पुन्हा पुन्हा पुसलेल्या त्या पाटीवर शेवटचं तेवढं राहिलं होतं.

"म्या न्हाई सांगायची," मामी म्हणाली. "ते बी लिवाल."

ती घर सोडून गेली नाही. भाकरी केली, धुणं धुतलं, मामांच्या टोपीला इस्त्री करून आणायला ती स्वतः भोरला जाई. हाक मारली की ओ देई. पण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणं तिनं सोडलं. मामांनी आठल्यांना वाक्य काढून टाकायला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की त्या पानासाठीच पत्रं येतात, ते कसं काढायचं? मामांनी आणखी एक कादंबरी लिहून पाहिली. कुठं थांबायचं ते त्यांना कळेना. ती त्यांनी पुण्याला पाठवलीच नाही, घरच्या बंबात घातली.

१९४४ साली मामी हिवतापानं गेली. शेवटचे तीन दिवस मामा तिच्या अंथरुणापाशी बसून होते. त्यांनी काही विचारलं नाही. तिनं एकदा त्यांचा हात धरला, पाणी मागितलं, आणि म्हणाली, "तुमी जेवून घ्या." शेवटपर्यंत तिनं ते वाक्य सांगितलं नाही.

तेरावा झाल्यावर मामा आमच्या घरी आले. आई चुलीपाशी होती. ते उंबऱ्यावरच बसले.

"बाळे, तू त्या दिवशी दारात होतीस. हौसा काय म्हणाली गं?"

आईनं डोळे मिटून आठवलं. तिला हौसाचा चेहरा दिसला, बांगडी दिसली, मामीचं हसू दिसलं. शब्द म्हणून जे आले ते पुस्तकातले आले.

"दादा, मला पुस्तकातलंच आठवतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मलाही," मामा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळानं उठून गेले.

त्याच वर्षी त्यांनी वेल्ह्याच्या बाजूला बदली मागून घेतली. ठकुमामीचं माहेर तिकडं होतं. तिथं ते एकटे राहिले. पुस्तकाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शाळेनंतर माणसं पत्रं लिहून घ्यायला यायची, कारण लढाईमुळं पुष्कळ घरांतली पोरं पलटणीत गेली होती. मामांबद्दल तिकडं एक तक्रार असे, की मास्तर पत्र सजवून लिहीत नाहीत, माणूस बोलेल तेवढंच उतरवतात.

वरच्या धनगरवाड्यावरून बयाबाई नावाची म्हातारी यायची. तिचा बिरू फौजेत होता. एकदा ती म्हणाली, "लिवा, काळ्या शेळीला दोन करडं झाली." मामांनी लिहिलं. ती थांबली, डोळे पुसले, आणि पुन्हा म्हणाली, "काळ्या शेळीला दोन करडं झाली." मामांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा तिनं तेच सांगितलं.

"मास्तर, मला बोलाया येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी शिकलेली मान्सं. माझ्या जिवाची कालवाकालव त्याला कळंल असं कायतरी घाला."

"न्हाई आजी," मामा म्हणाले, आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं.